तबकडी मंद कां झाली?

[नभोवाणीवरून झालेलें भाषण]

यंत्र बंद पडलें म्हणजे मनुष्य जागा होतो. यंत्र मंद झालें म्हणजे त्याला त्याची संवय होते. घरांतला दिवा अजिबात विझला, तर त्याच संध्याकाळीं वायरमनला बोलावणें जातें. परंतु तोच दिवा मिणमिणूं लागला, तर महिनेच्या महिने त्याच उजेडांत वाचन चालतें आणि शेवटीं आपलीच दृष्टि अधू झाली असावी असा समज होऊन बसतो. नळाला पाणी मुळींच आलें नाहीं तर आळीभर ओरड होते. धार बारीक झाली तर लोक बादली थोडी लवकर लावूं लागतात. पुऱ्या बिघाडापेक्षां अर्धा बिघाड अधिक घातक, तो याच कारणानें. आजचा विषय अशाच एका अर्ध्या बिघाडाचा आहे. घरच्या फाइल-सर्व्हरला जोडलेली बाहेरची हार्ड डिस्क मंद कां होते, आणि ही मंदी कोठें दडली आहे हें कोणत्या क्रमानें शोधावें, हा तो विषय.

फाइल-सर्व्हर हा शब्द मोठ्या कचेरींतला वाटतो, पण वस्तु साधी आहे. आजकाल घरांत चार फोन व दोन लॅपटॉप सहज असतात. छायाचित्रें, पावत्या, मुलांचीं प्रगतिपुस्तकें, जुनीं गाणीं हीं सर्व त्यांत विखुरलेलीं असतात. तीं एका ठिकाणीं राहावींत व घरांतील कोणत्याहि यंत्रावरून पाहतां यावींत, याकरितां कोपऱ्यांत एक लहानसा संगणक दिवसरात्र चालू ठेवतात आणि त्याला बाहेरची एक डिस्क जोडतात. कोठार एक आणि चुली अनेक, असा हा संसार असतो.

ही सोय सामान्य गृहस्थाच्या आटोक्यांत यावयास बराच काळ लागला. १९५६ सालीं आयबीएम कंपनीनें डिस्क असलेला पहिला संगणक बाजारांत आणला, तेव्हां त्या डिस्कमध्यें २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि एवढा पसारा मांडूनहि तींत सुमारें ५० लक्ष अक्षरें मावत. आजच्या फोननें काढलेलीं एक-दोन छायाचित्रें ठेवतांच ती भरून गेली असती. पुढें १९९१ सालीं फिनलंडमध्यें लायनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें लिनक्सचा पाया घातला, आणि त्याच सुमारास ऑस्ट्रेलियांत अँड्र्यू ट्रिजेल यांनीं एका जातीच्या यंत्रावरील फाइली दुसऱ्या जातीच्या यंत्रास दिसाव्यात अशी व्यवस्था लिहावयास घेतली. तीच आज ‘सांबा’ या नांवानें घरोघर चालते. डिस्क व संगणक यांना जोडणारी यूएसबी ही पद्धत १९९६ सालीं जाहीर झाली. ती सिद्ध करणाऱ्या अभियंत्यांत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठांत शिकलेले अजय भट्ट हे होते, ही गोष्ट आपल्याकडील पुष्कळांस ठाऊक नसते. शेवटीं २०१२ सालीं इंग्लंडांत रास्पबेरी पाय नांवाचा, पत्त्याच्या पानाएवढ्या पाटीवर मावणारा स्वस्त संगणक निघाला, आणि २०१९ सालीं त्याच्या चौथ्या आवृत्तींत जलद जाळें व जलद यूएसबी या दोन्ही सोयी आल्या. तेव्हांपासून घरचें भांडार उभारणें हें हौशी माणसाचें काम झालें. परंतु उभारणें सोपें झालें म्हणून राखणेंहि सोपें झालें असें मात्र नाहीं.

उदाहरणादाखल एक घर डोळ्यांपुढें आणूं. घरांत आजोबा, मुलगा, सून आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकणारी नात अशीं चार माणसें. आजोबांचें सारें आयुष्य दूरध्वनि खात्यांत लाइनमन म्हणून गेलें. आजी चार वर्षांपूर्वीं वारली. ती जात्यावरच्या ओव्या फार गोड म्हणे, आणि सुनेनें त्या सवडीसवडीनें आपल्या फोनवर उतरवून ठेवल्या होत्या. तशीं चाळीस ध्वनिमुद्रणें होतीं. तो फोन पुढें बदलला. मुद्रणें राहिलीं तीं भांडाराच्या डिस्कवर, आणि केवळ तेथेंच.

घराला रंग दिला तेव्हां सर्व सामान हललें आणि पुन्हां लागलें. त्यानंतर भांडार चालू होतें, पण रेंगाळूं लागलें. वीस गिगाबाइट छायाचित्रें लॅपटॉपवर घ्यावयास पूर्वीं तीन-चार मिनिटें पुरत. आतां अर्धा तास लागे. मधूनच एखादी फाइल उघडतांना सर्वच थबके. महिनाभर कोणीं कांहीं केलें नाहीं. मग एके रात्रीं प्रत्येकानें आपापलें निदान सांगितलें. मुलगा म्हणाला, डिस्क जुनी झाली, नवी आणूं. सून म्हणाली, हा वाय-फायचाच दोष. नात म्हणाली, सर्व्हरच कमकुवत आहे, तोच बदलावा. आजोबांनीं सर्वांचें ऐकून घेतलें आणि विचारलें, “मोजलें कोणीं?”

मोजलें कोणींच नव्हतें. श्रोतेहो, या सर्व विषयाचें सार या दोन शब्दांत आहे. मंदपणा ही भावना आहे. वेग हा आंकडा आहे. आंकडा हातीं येईपर्यंत प्रत्येक निदान हें केवळ मत असतें, आणि मताच्या जोरावर माणसें बाजारांत जाऊन नवें सामान विकत घेतात.

नात मोजावयास बसणार इतक्यांत आजोबांनीं तिला थांबविलें. “आधीं रोग्याची नाडी पाहा. धांवायला मग लाव.” त्यांचें म्हणणें योग्यच होतें. प्रत्येक हार्ड डिस्क आपल्या प्रकृतीची टिपणें स्वतःच ठेवीत असते. या व्यवस्थेला ‘स्मार्ट’ असें नांव आहे, आणि बाहेरच्या बहुतेक डिस्कांचीं हीं टिपणें यूएसबीच्या द्वारां वाचतां येतात. त्यांत कित्येक रकाने असतात, पण गृहस्थानें तीन पाहावे. पहिला, किती खंड खराब झाल्यामुळें बदलावे लागले. दुसरा, किती खंड वाचतां न आल्यामुळें निकालाची वाट पाहत पडले आहेत. तिसरा, डबीच्या आंत निरोप पोंचवितांना किती वेळां चूक झाली. पहिल्या दोहोंचा आंकडा शून्य असावा. तिसरा वाढत असला तर दोष तबकडीचा नसून बहुधा जोडणीचा असतो. येथें दुसऱ्या रकान्यांत १६ हा आंकडा होता.

“म्हणजे डिस्क चालते आहे, पण सोळा ठिकाणीं तिला वाचतां येत नाहीं,” नात म्हणाली.

“मग मोजमाप उद्यां,” आजोबा म्हणाले. “आज तुझ्या आजीचा आवाज बाहेर काढ.”

या ठिकाणीं क्षणभर थांबणें अवश्य आहे. मंद डिस्क ही केवळ मंद असेल, किंवा ती मरणोन्मुखहि असेल. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. डिस्कला एखादा खंड वाचतां आला नाहीं, तर ती लगेच हार मानीत नाहीं. त्याच जागेवरून पुनःपुन्हां वाचून पाहते, आणि त्यांत कित्येक सेकंद जातात. तेवढा वेळ सर्व भांडार थबकतें, आणि घरची माणसें म्हणतात, आज जरा हळू चालतें आहे. अशा डिस्कवर प्रथमच लांबलचक परीक्षा चालविणें, तिची दुरुस्ती करणारी आज्ञा देणें किंवा ती नव्यानें आंखणें, म्हणजे धाप लागलेल्या माणसाला डोंगर चढावयास लावणें होय. जें पुन्हां मिळणार नाहीं तें आधीं दुसरीकडे उतरवून घ्यावें. कारणांचा शोध त्यानंतर करावा.

चाळिसांपैकीं अडतीस मुद्रणें थोड्या वेळांतच लॅपटॉपवर आलीं. दोन अडलीं. त्यांच्यासाठीं नातीनें डीडीरेस्क्यू नांवाचा एक मोफत मिळणारा प्रोग्राम योजला. त्याची रीत शहाण्या माणसाची आहे. जेवढें सहज निघतें तेवढें तो आधीं काढून सुरक्षित ठेवतो, हट्टी जागा सोडून पुढें जातो, आणि शेवटीं त्या जागांकडे परत वळून थोडाथोडा प्रयत्न करीत राहतो. पहांटेपर्यंत एक मुद्रण पूर्ण निघालें. दुसऱ्यांतील ६४ किलोबाइट निघाले नाहींत. आंकडा क्षुद्र वाटतो. परंतु तें मुद्रण सेकंदास १६ किलोबाइट या मानानें केलेलें होतें. म्हणजे आजीच्या आवाजांतले चार सेकंद गेले. ओवीच्या मध्यें आवाज थांबतो, आणि मग पुढच्या ओळीवर पुन्हां सुरू होतो.

दुसऱ्या दिवशीं शोध सुरू झाला, आणि येथें आजोबांचा जुना धंदा उपयोगीं आला. एक्स्चेंजपासून ग्राहकाच्या घरापर्यंत तार जाते, ती कॅबिनेट, पिलर, डीपी अशा टप्प्यांनीं जाते. तक्रार आली म्हणजे अनुभवी लाइनमन खांबामागून खांब चढत बसत नाहीं. तो मधल्या टप्प्यावर जाऊन तपासतो. तेथपर्यंत तार ठीक असेल तर दोष पुढच्या अर्ध्या भागांत, नसेल तर मागच्या. मग त्या अर्ध्याचा पुन्हां अर्धा करावयाचा. घरच्या भांडाराचेंहि असेंच आहे. तबकडीवरचें छायाचित्र लॅपटॉपच्या पडद्यावर येईपर्यंत त्याला किती नाकीं ओलांडावीं लागतात पाहा: तबकडी, डबींतलें जोडमंडल, यूएसबीची केबल, सर्व्हरची खांच, स्वतः सर्व्हर, जाळ्याची केबल, राउटर, मग वाय-फाय किंवा दुसरी केबल, आणि शेवटीं लॅपटॉप. या वाटेचा मधला टप्पा म्हणजे सर्व्हर. यास्तव दोन मोजणीं वेगवेगळीं करावींत. सर्व्हरवर बसून फक्त डिस्कचा वेग मोजावा. आणि डिस्कला बाजूस ठेवून फक्त जाळ्याचा वेग मोजावा. जाळें मोजतांना लॅपटॉपहि केबलनें जोडावा, म्हणजे वाय-फायची लहर हिशेबांत येत नाहीं.

मोजण्यापूर्वीं एक घोटाळा टाळला पाहिजे. जाळें विकणारे वेग बिटांत सांगतात आणि फाइली बाइटांत मोजल्या जातात. आठ बिटांचा एक बाइट. म्हणून १००० मेगाबिटांचें गिगाबिट जाळें सेकंदास फार तर १२५ मेगाबाइट वाहील, व्यवहारांत ११० च्या आसपास. १०० मेगाबिटांचें जुनें जाळें सुमारें ११. यूएसबी २ ही २००० सालची पद्धत. तिच्यावर ४८० मेगाबिट असें लिहिलेलें असतें, पण प्रत्यक्षांत सेकंदास ३० ते ४० मेगाबाइट मिळतात. २००८ सालची यूएसबी ३ ही ५००० मेगाबिटांची, म्हणजे एका फिरत्या डिस्कला पुरून उरणारी. आणि खिशांत मावणारी फिरती डिस्क स्वतः सेकंदास १०० ते १४० मेगाबाइट देते. तेंहि तबकडीच्या कडेजवळ, केंद्राकडे जातां जातां हा वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. हे चार आंकडे कागदावर लिहून ठेवले, म्हणजे वेगाच्या आंकड्यावरूनच दोषाचें घर ओळखूं येतें.

नातीनें जाळें मोजलें. आंकडा आला ९४ मेगाबिट. आजोबांनीं आठांनीं भागाकार केला, आणि फाइली उतरतांना दिसणारा सेकंदास ११ मेगाबाइटचा वेग तेथेंच सांपडला. गिगाबिटचें जाळें १०० वर उतरलें होतें. जाळ्याच्या केबलींत आठ तारा चार जोड्यांनीं असतात. १०० मेगाबिटांना दोन जोड्या पुरतात. गिगाबिटला चारहि लागतात. आठांतली एक तार तुटली, तर दोन्ही टोकांचीं यंत्रें पुष्कळदां भांडत न बसतां कमी वेगावर तडजोड करतात, आणि घरच्यांना पत्ताहि लागत नाहीं. रंगाच्या वेळीं ती केबल दाराखालून गेली होती आणि दारानें ती चेपली होती. केबल बदलली, आंकडा ९४० वर गेला.

येथें पुष्कळ घरांतला शोध संपला असता. परंतु फाइली आतां सेकंदास ३३ मेगाबाइट या वेगानें उतरत होत्या, आणि कागदावरच्या आंकड्यांत ३३ हें यूएसबी २ च्या घरांत बसत होतें. एक अडथळा दूर झाला म्हणजे त्याच्या मागें लपलेला दुसरा दिसूं लागतो, हें लक्षांत ठेवावें. सर्व्हरवर बसून केवळ डिस्क मोजली, तरी आंकडा ३३ च. लिनक्समध्यें जोडलेल्या वस्तूंची वंशावळ दाखविणारी एक आज्ञा आहे. तींत प्रत्येक वस्तूपुढें तिचा ठरलेला वेग लिहिलेला असतो. डिस्कपुढें ५००० हवें तेथें ४८० होतें.

मग डोळ्यांनीं पाहावयाचें ठरलें. बाहेरच्या पुष्कळ डिस्कांना एक रुंद, मधें खाच असलेली, दोन भागांची बैठक असते. तिचा मोठा भाग म्हणजे जुन्या फोनच्या चार्जिंगची बैठक होय; बाजूचा लहान भाग यूएसबी ३ च्या जादा तारांसाठीं असतो. जुन्या पद्धतीला चार जोड लागत; नव्या पद्धतीनें त्यांत पांच वाढविले. फोनची साधी केबल त्या मोठ्या भागांत अगदीं बरोबर बसते, डिस्क फिरूं लागते, फाइली दिसतात. केवळ वेग एक-तृतीयांश राहतो. रंगाच्या गडबडींत खरी केबल टेबलाच्या खणांत गेली होती आणि हाताला लागली ती फोनची केबल कोणींतरी जोडली होती. ती कोणीं जोडली याची चौकशी आजोबांनीं होऊं दिली नाहीं. खरी केबल निळ्या खांचेंत बसविली. आंकडा ११० झाला.

नातीनें खात्रीसाठीं तीच फाइल पुन्हां वाचून पाहिली, तों आंकडा एकदम कित्येकशें मेगाबाइटवर उडाला. तिला आनंद झाला. आजोबांनीं मान हलविली: “तबकडी एवढी धांवेल कशी?” ती धांवली नव्हतीच. सर्व्हर एकदां वाचलेली फाइल आपल्या स्मृतींत धरून ठेवतो आणि दुसऱ्यांदा तेथूनच देतो. लिहितांनाहि तसेंच, आरंभींचा वेग हा स्मृतीचा असतो, ती भरली म्हणजे डिस्कचा खरा वेग उघडा पडतो. म्हणून मोजणीसाठीं स्मृतीपेक्षां मोठी फाइल घ्यावी, आणि पहिल्या क्षणांच्या आंकड्यावर विश्वास ठेवूं नये.

असो. तीन दोषांपैकीं दोन केबलींचे निघाले व ते अल्प खर्चांत मिटले. तिसरा तबकडीचा, तो मिटणारा नव्हता. ती डिस्क सेवेंतून काढून नवी आणली. परंतु केबली दुरुस्त झाल्यावर वाढलेल्या वेगाच्या आनंदांत त्यांनीं ती जुनीच चालू ठेविली असती तर काय झालें असतें, याचा विचार श्रोत्यांनींच करावा.

या घरांत जीं कारणें निघालीं त्यांशिवाय आणखी कांहीं नेहमीं आढळतात. त्यांतलें सर्वांत मोठें म्हणजे लहान फाइलींची गर्दी. मिनिटास ५४०० फेरे घेणारी तबकडी एका फेऱ्याला ११ सहस्रांश सेकंद घेते. हवी ती जागा सुईखालीं येईपर्यंत सरासरीनें अर्धा फेरा थांबावें लागतें, आणि सुईचा दांडा तेथवर सरकण्यास साधारण १२ सहस्रांश सेकंद जातात. दोहोंची बेरीज धरतां, एका सेकंदांत अशा पन्नास-साठच उड्या होतात. मोठी फाइल सलग मांडलेली असते, एक उडी मारली कीं मजकूर सतत वाहतो. परंतु दहा हजार बारीक फाइली घेतल्या व प्रत्येकीस दोन-तीन उड्या धरल्या, तर सर्व मिळून मजकूर चाळीस मेगाबाइट असला तरी सात-आठ मिनिटें सहज जातात. वाण्याकडून एक पोतें आणणें आणि तेंच धान्य ओंजळीओंजळीनें आणणें, यांतला हा भेद आहे. येथें डिस्क निर्दोष असते. बारीक फाइली एका गठ्ठ्यांत बांधून मग पाठविणें, हा त्यावरचा उपाय.

दुसरें कारण नव्या डिस्कांतच आढळतें. थोड्या जागेंत अधिक मजकूर मावावा म्हणून कांहीं डिस्कांवर मजकुराच्या ओळी मंगलोरी कौलांसारख्या एकीवर एक थोडी चढवून मांडतात. या पद्धतीला एसएमआर म्हणतात. कौलें शाकारलेल्या छपरांतलें खालचें एक कौल बदलावयाचें तर वरचीं अनेक उचलावीं लागतात, तसेंच येथें होतें. डिस्क नवा मजकूर आधीं ओसरीवर उतरवून घेते आणि सवडीनें माजघरांत लावते. ओसरी रिकामी असेपर्यंत वेग उत्तम. मोठा बॅकअप सुरू झाला, ओसरी भरली, कीं वेग एकदम कोसळतो. वाचतांना हा त्रास फारसा होत नाहीं, लिहितांना होतो. २०२० सालीं असें उघडकीस आलें कीं, अशा डिस्का त्यांची जात स्पष्ट न सांगतां विकल्या जात होत्या. त्यानंतर निर्मात्यांनीं याद्या प्रसिद्ध केल्या. म्हणून डिस्क घेण्यापूर्वीं ती सीएमआर कीं एसएमआर हें यादींत पाहून घ्यावें. वर्षांतून दोनदां भरून कपाटांत ठेवण्यास एसएमआर चालते. रोज लिहिणाऱ्या भांडारास ती सोयीची नाहीं.

तिसरें कारण विजेचें. रास्पबेरी पायच्या चौथ्या आवृत्तींत सर्व यूएसबी खांचा मिळून १.२ अँपिअर एवढाच प्रवाह मिळतो, आणि डिस्क फिरूं लागतांना ती त्यांतला बहुतेक ओढूं शकते. त्यांत फोनचा जुना चार्जर लावला, कीं दाब घसरतो, तो ४.६३ व्होल्टच्या खालीं गेला म्हणजे यंत्र आपल्या दैनंदिनींत तशी नोंद करतें व स्वतःचा वेगहि आवरतें. डिस्क मधेंच तुटून पुन्हां जोडली जाते. ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा योग्य अडॅप्टर, आणि दोन डिस्का असल्या तर स्वतःचा वीजपुरवठा असलेला हब, हा उपाय. दैनंदिनी वाचण्याची संवय सर्वच बाबतींत हितावह आहे. डबींतलें जोडमंडल आणि लिनक्स यांचें पटत नसलें, तर डिस्क पुनःपुन्हां नव्यानें सुरू केल्याची नोंद तेथेंच सांपडते.

बाकीचीं कारणें थोडक्यांत. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीनें आंखलेली डिस्क लिनक्सवर पूर्वीं बऱ्याच फेऱ्यानें वाचली जाई, आणि लहान सर्व्हरचा जीव त्यांतच जाई. २०२१ च्या ५.१५ या आवृत्तीपासून ती सोय लिनक्सच्या गाभ्यांत आली, तरी कायम सर्व्हरलाच जोडावयाची डिस्क लिनक्सच्या स्वतःच्या एक्स्ट-४ पद्धतीनें आंखावी. मात्र आंखतांना डिस्क पुसली जाते, म्हणून ती आधीं रिकामी करून घ्यावी. यूएसबी ३ च्या जोडणींतून २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायला उपद्रव होतो, असें इंटेल कंपनीनेंच २०१२ सालीं प्रसिद्ध केलें आहे. तेव्हां डिस्क राउटरला खेटून ठेवूं नये. आणि बराच वेळ निजलेली डिस्क जागी होतांना पहिल्या फाइलीस कांहीं सेकंद लागतात. ती तिची विश्रांति आहे, आजार नव्हे.

तात्पर्य, क्रम असा धरावा. प्रथम डिस्कची प्रकृति पाहावी, आणि शंका येतांच अमोल तें दुसरीकडे उतरवावें. मग सर्व्हर हा मध्य धरून दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजाव्यात. जो आंकडा येईल तो कागदावरच्या आंकड्यांशीं ताडावा. एका वेळीं एकच वस्तु बदलावी व पुन्हां मोजावें. दोन एकदम बदलल्या तर गुण कोणाचा तें कळत नाहीं. केबल, खांच आणि अडॅप्टर या स्वस्त वस्तूंचा निकाल लागल्याशिवाय महाग वस्तूंकडे जाऊं नये.

आणि सर्वांत आधीं, कांहींहि बिघडलेलें नसतांना, आपल्या भांडाराचा निरोगी वेग किती आहे हें एकदां मोजून लिहून ठेवावें. ज्याला आपलें नेहमींचें तपमान ठाऊक आहे, त्यालाच ताप ओळखूं येतो. त्या घरांत आतां दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं नात वेग मोजते आणि आजोबा भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत पेन्सिलीनें तो आंकडा टिपतात. शेजारीं प्रकृतीच्या तीन रकान्यांचे आंकडे असतात. ओव्यांच्या तीन प्रति झाल्या आहेत: एक भांडारांत, एक कपाटांतल्या दुसऱ्या डिस्कवर, आणि एक गांवीं धाकट्या मुलाकडे.

तें चार सेकंदांचें मुद्रणहि त्यांनीं तसेंच ठेवलें आहे. ओवी अर्ध्यावर थांबते, तेवढ्या वेळांत जात्याची घरघरहि ऐकूं येत नाहीं, आणि मग आजी पुढची ओळ उचलते. महिनाभर आधीं कोणीं मोजलें असतें तर हे चार सेकंद वांचले असते कीं नाहीं, हें कोणासच सांगतां येणार नाहीं. पण आपल्या घरीं भांडार असेल, तर निदान हा प्रश्न मागें राहूं देऊं नका. आज घरीं गेल्यावर प्रथम मोजा.